हवेच्या बोटीचे कापड: ओळख आणि दुरुस्ती

हवेने फुगवायच्या बोटीला भोक पडले की ‘सोल्यूशन कोणते आणायचे’ हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो. खरे तर त्याच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: बोटीचे कापड कशाचे आहे? बोलण्यात आणि साठा-नोंदवहीत या सगळ्याच ‘रबरी बोटी’ असतात, पण त्यांची कापडे तीन-चार वेगळ्या जातींची असतात आणि एका जातीचे चिकटद्रव्य दुसऱ्या जातीवर धरत नाही. सायकल दुकानातले पंक्चरचे सोल्यूशन लावून पीव्हीसीच्या बोटीवर बसवलेले ठिगळ पहिल्या दिवशी घट्ट दिसते. काही आठवड्यांत खालचा थर बुळबुळीत होतो, कडा उचलतात आणि ठिगळ बोटाने निघून येते. दोष दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताचा नसतो. जोडीच चुकलेली असते.

सोलापूर हा पर्जन्यछायेतला, दुष्काळासाठी ओळखला जाणारा जिल्हा. तरी बचावबोटींची गरज इथे वारंवार पडते, कारण जिल्ह्यातला पूर बऱ्याचदा वरच्या खोऱ्यातून येतो. पुण्याकडच्या सह्याद्रीत पाऊस झाला की भीमेचे पाणी उजनीत येते आणि धरण भरल्यावर सोडलेला विसर्ग पंढरपूरच्या चंद्रभागेत उतरतो. अहिल्यानगरकडून येणारी सीना हत्तरसंग-कुडलजवळ भीमेला मिळते. 2020 च्या ऑक्टोबरात भीमेच्या पुराने पंढरपूरचा नदीकाठ पाण्याखाली गेला. 2025 च्या सप्टेंबरात सीनेने करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतल्या गावांना वेढा घातला आणि लोकांना बाहेर काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके बोटी घेऊन उतरली. उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावर 21 मे 2024 रोजी वादळात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला, तेव्हाही शोधकार्य बोटींतूनच झाले.

अशा पाण्यात बोट फाटायला कारणे भरपूर असतात. बांधावरची वेडी बाभूळ, कुंपणाची काटेरी तार, पत्र्याच्या शेडची कड, उसाचे धारदार खोडवे, पाण्याखाली गेलेल्या मोटारींचे पाइप आणि अँगल गढूळ पाण्यात दिसत नाहीत. बोटीची हवा तीन ते पाच स्वतंत्र कप्प्यांत भरलेली असते, म्हणून एक कप्पा गेला तरी ती बुडत नाही. पण असा कप्पा गेलेली बोट पुन्हा कामाला लावायची तर तिला टिकाऊ ठिगळ लागते.

कापडाची रचना

चांगल्या बोटीच्या भिंतीत दोन गोष्टी असतात. आत विणलेले कापड असते आणि त्याच्या दोन्ही अंगांना लेप असतो. ताण कापड पेलते. हवा रोखणे, ऊन आणि पाणी अडवणे हे लेपाचे काम. कापड बहुधा पॉलिस्टरचे असते, काही बोटींत नायलॉनचे. त्याची जाडी डेनियरमध्ये सांगतात, म्हणजे 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या सोलापुरात कृत्रिम धाग्याच्या व्यवहारात हे माप नवे नाही. युरोपातल्या कारखान्यांच्या माहितीपत्रकांत डेसिटेक्स हे माप असते. ते 10,000 मीटरला मोजतात. त्यामुळे 1100 डेसिटेक्स आणि 1000 डेनियर हे जवळपास एकच कापड ठरते.

दुरुस्तीच्या दृष्टीने आतल्या कापडापेक्षा लेप महत्त्वाचा. चिकटद्रव्याचा संबंध फक्त लेपाशी येतो. म्हणून ‘बोट पॉलिस्टरची आहे’ एवढ्या माहितीवर दुकानात जाऊन उपयोग नसतो. लेप पीव्हीसीचा आहे, हायपॅलॉनचा आहे की पॉलियुरेथेनचा, हे ठाऊक हवे.

लेपाच्या जाती

पीव्हीसी ही सगळ्यात जास्त आढळणारी जात. पाण्याचे कडक पाइप आणि बोटीचे मऊ कापड यांत मूळ पदार्थ एकच असतो. बोटीसाठी त्यात मऊपणा आणणारे तेलकट द्रव्य, प्लॅस्टिसायझर, मोठ्या प्रमाणात मिसळतात. ट्रकवरची जाड ताडपत्री याच घराण्यातली. पीव्हीसी तापवले की मऊ होते आणि थंड झाले की पुन्हा घट्ट होते, त्यामुळे त्याचे सांधे गरम हवेने किंवा उच्च वारंवारितेच्या यंत्राने वितळवून जोडता येतात. त्यामुळे बोट स्वस्त पडते. उणीव अशी की प्लॅस्टिसायझर वर्षानुवर्षे पृष्ठभागाकडे सरकत राहतो. उन्हाने हा वेग वाढतो. कापड आधी चिकट आणि नंतर ताठ होऊ लागते. पंक्चरच्या सोल्यूशनला बुळबुळीत करणारे द्रव्यही हेच.

हायपॅलॉन हे अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीचे व्यापारी नाव. पदार्थाचे नाव क्लोरोसल्फोनेटेड पॉलिएथिलीन, संक्षेपाने सीएसएम. त्याच्या रेणूच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, म्हणून ओझोन आणि अतिनील किरणांना तुटायला कमकुवत जागा सापडत नाही. उन्हात टिकण्याचा त्याचा लौकिक यातून आला. ड्युपाँटने 2010 मध्ये त्याचे उत्पादन बंद केले. आज जपानची तोसोह आणि इतर कारखाने सीएसएम बनवतात, पण जुने नाव बाजारात तसेच चालते. अशा कापडाला बाहेरून हायपॅलॉन आणि आतून निओप्रीन लावलेले असते. निओप्रीन हवा रोखते आणि चिकटद्रव्य पकडते. दोन्ही पदार्थ उष्णतेने पक्के केलेले रबर असल्याने पुन्हा वितळत नाहीत. साहजिकच त्यांचे सांधे हाताने, चिकटद्रव्याचे थर देऊन जोडावे लागतात, आणि बोट महाग पडते.

पॉलियुरेथेनचा लेप कमी दिसतो. घासटीला तो फार चिवट असतो. हलक्या वजनाच्या छोट्या राफ्टना आणि काही राफ्टच्या आतल्या हवापिशव्यांना तो वापरतात.

चौथी जात कापडच नसलेली. जलतरण तलावातली रिंग, मुलांची खेळण्यातली बोट हे नुसत्या पातळ पीव्हीसीचे असते. आत विणकाम नसल्याने फाट लांबत जाते. पुराच्या पाण्यात अशी वस्तू वापरूच नये. जुन्या ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरणारे लोक तलावांवर दिसतात. ती ट्यूब ब्यूटाइल रबराची असते आणि तिला मात्र पंक्चरवाल्याचे ठिगळ व सोल्यूशन योग्य ठरते.

ओळखायच्या खुणा

ओळख सोप्याकडून अवघडाकडे करत जावी. पहिली जागा म्हणजे निर्मात्याची पाटी. ती बहुधा इंजिन बसते त्या मागच्या फळीवर किंवा तिच्या आतल्या अंगाला असते. तिच्यावर प्रतिमान, माणसांची आणि वजनाची मर्यादा, शिफारस केलेला हवेचा दाब आणि कित्येकदा आयएसओ 6185 या मानकाचा उल्लेख असतो. पाटीवर कापडाचे नाव नसले तरी प्रतिमानावरून माहितीपत्रक मिळवता येते. बोटीसोबत आलेली दुरुस्तीची पिशवी जपलेली असेल तर तिच्यातला ठिगळाचा तुकडा हा सगळ्यात खात्रीचा नमुना.

पाटी पुसली असेल तर कापडाची आतली बाजू पाहावी. हवा भरायचा व्हॉल्व्ह पान्याने काढला की आतले कापड दिसते. आत-बाहेर एकच रंग आणि दोन्हीकडे सारखीच गुळगुळीत चकाकी असेल तर पीव्हीसीची शक्यता मोठी. बाहेर एक रंग आणि आत काळपट, राखी किंवा हिरवट मंद रबर असेल तर हायपॅलॉन-निओप्रीन समजावे. स्पर्शही बोलतो. हायपॅलॉन मंद, किंचित खडूसारखे आणि रबरी लागते. पीव्हीसी प्लॅस्टिकसारखे निसरडे आणि चमकदार.

मग सांधे पाहावेत. वितळवून जोडलेला सांधा सपाट आणि सरळ असतो, त्याच्या कडेला चिकटद्रव्याची रेघ नसते. हाताने जोडलेल्या सांध्यावर वेगळी पट्टी असते आणि तिच्या कडेने वाळलेल्या चिकटद्रव्याची पिवळसर किनार दिसते. वितळलेला सांधा दिसला तर कापड हायपॅलॉन नाही हे नक्की. उलट मात्र खात्रीने म्हणता येत नाही, कारण काही पीव्हीसी बोटीही चिकटवून जोडतात.

यापुढच्या चाचण्या मागच्या फळीखाली किंवा दोरी अडकवायच्या कडीच्या पट्टीखाली, सहसा न दिसणाऱ्या जागी कराव्यात. बारीक सॅंडपेपरने नखाएवढी जागा घासली तर हायपॅलॉनचा भुगा निघतो आणि जागा मखमलीसारखी मंद होते. पीव्हीसीचा भुगा फारसा निघत नाही. पृष्ठभागावर नुसते ओरखडे उठतात.

सगळ्यात उपयोगी चाचणी द्रावकाची. पांढऱ्या सुती चिंधीचे टोक एमईके, म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन या द्रावकात ओले करून त्या जागी चोळावे आणि काही क्षणांनी बोट टेकवावे. पीव्हीसी लगेच मऊ होऊन बोटाला चिकटते, चिंधीवर रंग उतरतो आणि वाळल्यावर तिथे चमकदार डाग राहतो. हायपॅलॉनवरून चिंधीला थोडी मळकट पूड लागते, पण पृष्ठभाग चिकट होत नाही. एमईके नसेल तर ॲसिटोनने काम भागते, परिणाम थोडा सौम्य दिसतो.

मोकळा तुकडा हाती असेल तर तापवलेली सुईही निकाल देते. पीव्हीसी आणि पॉलियुरेथेन वितळून सुईला धागा सुटतो. हायपॅलॉन नुसते करपते. या दोन वितळणाऱ्या जातींपैकी कोणती, हे तांब्याच्या तारेने कळते. तार ज्योतीत लाल करून तुकड्याला लावायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. क्लोरीन असेल तर ज्योत हिरवी होते. पीव्हीसी हिरवी ज्योत देते, पॉलियुरेथेन देत नाही. पण या एकाच चाचणीवर विसंबून कापड ठरवू नये. हायपॅलॉन आणि निओप्रीन या दोघांतही क्लोरीन असतो, त्यामुळे तेही हिरवी ज्योत देतात. म्हणून आधी सुई, मग तार असा क्रम ठेवावा. धूर घातक असल्याने हे उघड्यावर, चिमूटभर तुकड्यावर आणि बोटीपासून लांब करावे.

जातीप्रमाणे सामान

पीव्हीसीच्या बोटीला पीव्हीसीचे ठिगळ आणि दोन घटकांचे पॉलियुरेथेन चिकटद्रव्य लागते. डबा एका घटकाचा, सोबतची लहान बाटली आयसोसायनेट हार्डनरची. प्लॅस्टिसायझरपुढे हे चिकटद्रव्य टिकते. पुसायला एमईके. सॅंडपेपरची गरज नसते किंवा अगदी हलक्या हाताने फिरवतात. जास्त घासल्यास लेप उडून कापड उघडे पडते.

हायपॅलॉनला हायपॅलॉनचेच ठिगळ आणि निओप्रीनवर आधारलेले, हार्डनर मिसळायचे दोन घटकांचे चिकटद्रव्य. पुसायला टोल्यूइन. इथे घासणे टाळता येत नाही, कारण उन्हाने निबर झालेला वरचा थर काढल्याशिवाय पकड मिळत नाही. हेच निओप्रीनचे चिकटद्रव्य पीव्हीसीवर लावले तर प्लॅस्टिसायझर त्यात झिरपतो आणि पंक्चरच्या सोल्यूशनसारखीच त्याची गत होते.

पॉलियुरेथेनच्या कापडाला पॉलियुरेथेनचे ठिगळ आणि पॉलियुरेथेनचेच चिकटद्रव्य. बारीक भोकाला याच घराण्यातला, वाळल्यावर लवचिक राहणारा एक घटकाचा लेपही चालतो.

जवळच्या दुकानात हमखास मिळणाऱ्या पण बोटीला न चालणाऱ्या वस्तूंची यादी मोठी आहे. पाइप जोडायचे पीव्हीसी सॉल्व्हंट बोटीच्या पीव्हीसीला धरते खरे, पण वाळून कडक होते आणि बोट घडी करताना तडकते. झटपट चिकटणारा सुपर ग्लू आणि इपॉक्सीची लगदी यांचेही तेच. सनमायका बसवायचे रबरी चिकटद्रव्य पीव्हीसीवर टिकत नाही. फ्लेक्सच्या फलकाचा तुकडा पीव्हीसीचा असला तरी त्याचा लेप विरळ असतो आणि हवा रोखत नाही. सगळ्यात जास्त नुकसान सिलिकॉन सीलंट करतो. भोक तर बुजत नाहीच, शिवाय मागे असा थर राहतो की त्यावर नंतर योग्य चिकटद्रव्यही धरत नाही.

ठिगळ लावण्याची रीत

भोक शोधायला भांड्याच्या साबणाचे पाणी पुरते. फुगवलेल्या बोटीवर ते फवारले की बुडबुडे जागा दाखवतात. आधी व्हॉल्व्ह तपासावा. गळती बऱ्याचदा तिथेच, वाळूचा कण अडकल्याने असते. दोन कप्प्यांमधला आतला पडदा फाटला असेल तर बाहेर बुडबुडा येत नाही, फक्त एका कप्प्यातली हवा दुसऱ्यात जाते. असे काम बाहेरून होत नाही.

जागा सापडल्यावर हवा काढून बोट सपाट पसरावी आणि गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. ठिगळ फाटीच्या प्रत्येक कडेपासून किमान 5 सेंटिमीटर पुढे जाईल असे कापावे आणि त्याचे कोपरे गोल करावेत; टोकदार कोपरा आधी उचलतो. जागा पेन्सिलने आखून भोवती चिकटपट्टी लावावी. लांब फाटीला आतूनही एक ठिगळ द्यावे लागते.

चिकटद्रव्य आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणात मिसळावेत. मिश्रण काही तासांतच निकामी होते, म्हणून लागेल तेवढेच करावे. ठिगळ आणि बोट या दोन्हींना पातळ थर द्यायचा, तो वाळू द्यायचा आणि मग पुढचा थर. पीव्हीसीला सहसा दोन, हायपॅलॉनला तीन थर देतात. शेवटचा थर बोटाच्या पाठीला चिकटतोसा वाटतो पण बोटावर येत नाही, अशा अवस्थेत ठिगळ मधूनच टेकवून कडांकडे दाबत न्यावे आणि लाटण्याने किंवा रोलरने जोर देऊन फिरवावे. आत हवा राहिली तर तिथून सुरुवात होऊन ठिगळ सुटते. निदान एक दिवस बोट फुगवू नये. पूर्ण दाबासाठी आठवडाभर थांबलेले चांगले.

आयसोसायनेटची वाफ श्वसनाला त्रासदायक असते आणि काहींना तिची कायमची ॲलर्जी जडते. एमईके आणि टोल्यूइन झटकन पेट घेतात. काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करावे आणि जवळपास बिडी-सिगारेट किंवा शेगडी असू नये.

हंगाम आणि साठवण

चिकटद्रव्यांना साधारण 18 ते 25 अंश तापमान आणि 60 टक्क्यांच्या आतली आर्द्रता मानवते. हार्डनरची पाण्याशी सहज अभिक्रिया होते. दमट हवेत थरावर न दिसणारा ओलावा बसतो आणि पकड अर्धवट राहते. पुराच्या दिवसांत लावलेले ठिगळ म्हणूनच तात्पुरते समजावे. मे महिन्यात अडचण उलटी असते. पारा चाळिशीच्या वर असताना द्रावक इतक्या झपाट्याने उडते की ठिगळ टेकवण्याआधीच थर सुकून जातो. सोलापूरच्या हवेत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने या कामाला उत्तम. मान्सूनपूर्व तयारीची तपासणी मे महिन्यात होत असली तरी ठिगळाचे काम हिवाळ्यात उरकलेले असावे. उन्हाळ्यात करणे भागच पडले तर ते पहाटे, सावलीत करावे.

ऊन दाबही वाढवते. सकाळी 25 अंशांना 0.25 बार दाबाने भरलेली बोट उन्हात राहून आतली हवा 55 अंशांवर गेली, तर कापड ताणले जात नाही असे धरून दाब सुमारे 0.38 बार होतो, म्हणजे दीडपट. नव्या ठिगळाच्या कडांवर हा ताण थेट येतो. किनाऱ्यावर ठेवलेल्या बोटीची थोडी हवा सोडावी किंवा तिच्यावर सावली करावी.

वापरानंतर गाळ धुऊन, पूर्ण वाळवून, सैल घडी घालून बोट उंदरांपासून दूर ठेवावी. हायपॅलॉनच्या घडीत टाल्कम पावडर भुरभुरतात. कापडाची जात एकदा नक्की झाली की ती मागच्या फळीवर पक्क्या शाईने आणि नोंदवहीत लिहावी. सोबतच्या पेटीत त्याच जातीचे कापड, चिकटद्रव्य, द्रावक, सॅंडपेपर, रोलर, व्हॉल्व्हचा पाना आणि जादा व्हॉल्व्ह हवा. चिकटद्रव्य व हार्डनर मुदतीचे असतात. उघडलेली हार्डनरची बाटली हवेतल्या ओलाव्याने गढुळते आणि मग ती फेकून द्यावी लागते.

दुरुस्ती कुठे थांबवावी

काही बोटी ठिगळाच्या पलीकडे गेलेल्या असतात. साबणाचे पाणी फवारल्यावर एका जागी बुडबुडा न येता कापडभर बारीक फेस उठत असेल तर लेपच सच्छिद्र झालेला असतो. पीव्हीसी सर्वत्र चिकट झाले असेल, घडीच्या रेषांवर तडे जाऊन विणकाम दिसत असेल, किंवा एकामागून एक सांधे उकलत असतील, तर एक जागा बुजवून उपयोग नसतो. हायपॅलॉनच्या बोटीचे सांधे कुशल कारागीर पुन्हा जोडू शकतात आणि चांगल्या कापडासाठी तो खर्च परवडतो. वितळवून जोडलेल्या जुन्या पीव्हीसीचे सांधे गेले की ती बोट बचावकार्यातून काढावी. सांध्यावरचे, मागच्या फळीच्या जोडावरचे आणि आतल्या पडद्याचे काम प्रशिक्षित माणसाकडेच द्यावे. कोणतीही दुरुस्ती झाल्यावर बोट शिफारस केलेल्या दाबाने भरून एक रात्र सावलीत ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच तापमानाच्या वेळी दाब मोजावा. तो टिकला असेल तरच तिच्यात माणसे बसवावीत.